सतरावी शंका

छापखान्यातली माणसं त्यांना टीपाबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण छापखान्यात तोंड आणि पाठ यांत अंतर ते किती, त्यामुळे हे नाव त्यांच्या कानावर केव्हाच गेलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं. बावीस वर्षं त्या तुर्की कथांचे अनुवाद करत होत्या आणि त्यांच्या अनुवादात पानोपानी तळाशी टीपा असत. हा वारा कुठल्या महिन्यात वाहतो, हे भांडं कशाला वापरतात, म्हातारीने नातवाला या नावाने का हाक मारली, सगळं खाली बारीक अक्षरात. प्रकाशक वयाने त्यांच्या भाच्याएवढा, म्हणून त्यांना मावशी म्हणायचा. पानं लावताना तो कपाळाला हात लावून बसायचा.

"मावशी, नाकापेक्षा मोती जड झालाय," तो म्हणायचा. "वर चार ओळी, खाली चौदा. वाचकाने कथा वाचायची की तळघरात उतरायचं?"

"उतरू दे की. पाय आहेत ना त्याला?" टीपाबाई म्हणायच्या, आणि एकही टीप कमी व्हायची नाही.

हा हट्ट त्यांना उगाच जडलेला नव्हता. तुर्की त्या शिकल्या ते काही कथा वाचायला नव्हे. तरुणपणी त्या कापड कापायची यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत टंकलेखिका होत्या. यंत्रांबरोबर तुर्की माहितीपुस्तिका यायच्या आणि त्यांचा अनुवाद करायला कोणीतरी हवं होतं, म्हणून शिकल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने एकदा एका पुस्तिकेतलं एक वाक्य गाळलं. यंत्र बंद केल्यावरही पातं थोडा वेळ फिरत राहतं, असं ते वाक्य होतं. मागच्या पानावर तसंच काहीसं आलं आहे असं त्याला वाटलं. महिन्याभराने एक कामगार हाताला फडकं गुंडाळून कंपनीच्या दारात बसलेला टीपाबाईंनी पाहिला. चार बोटं गेली होती. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला: काही गाळायचं नाही, ठाऊक आहे ते सगळं सांगायचं, वाचकाला अंधारात ठेवायचं नाही. पुढे त्या कथांकडे वळल्या तेव्हा हा नियमही बरोबर आला.

दुसरं कारण घरात होतं. टीपाबाईंनी लग्न केलं नाही आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं लग्न टिकलं नाही, म्हणून दोघी एकत्र राहत. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने ताईंची डावी बाजू गेली. तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत असत आणि रोज चार वाजता टीपाबाई त्यांना दिवसभरात केलेला मजकूर वाचून दाखवत. ताईंना तुर्कीतलं अक्षर कळत नव्हतं, पण कान तिखट होता आणि जीभ त्याहून. "हा कोण?" "हिने असं का केलं?" "मग त्या गाढवाचं काय झालं?" ताईंनी प्रश्न विचारला की टीपाबाई उत्तर शोधत, आणि सापडलं की ते पानाच्या तळाशी जाई. प्रकाशकाला हे माहीत नव्हतं, पण त्याच्या अलीकडच्या पुस्तकांतल्या निम्म्या टीपा म्हणजे ताईंना दिलेली उत्तरं होती.

नवं पुस्तक आजच्या तुर्की लेखकांच्या नऊ कथांचं होतं. त्यातली सातवी कथा टीपाबाईंच्या जिवाला लागली. लिहिणारी पस्तिशीची, फार कोणाला ठाऊक नसलेली. कथा साधी होती. एका गावात शिलाईचा कारखाना असतो. सुटीच्या दिवशी कारखाना बंद असायला हवा, पण मालक अकरा बायकांना कामाला बोलावतो. कोणी तपासायला आलं तर बंद दिसावा म्हणून दाराला बाहेरून कुलूप. दुपारी आग लागते. गावाचं नाव नाही, मालकाचं नाव नाही. चौकीदार एवढ्या मोठ्या कथेत एका वाक्यात येतो: "चौकीदाराने दार ओढून घेतले, कुलूप लावले, आणि तो घरी जेवायला गेला."

ते वाक्य वाचून झाल्यावर ताईंनी हात वर केला. चांगला हात.

"थांब. त्याला माहीत होतं का?"

"काय?"

"आत बायका आहेत हे. त्याला माहीत होतं की नव्हतं?"

"कथेत नाही लिहिलेलं, ताई."

"मग विचार तिला. माहीत असून कुलूप लावणारा वेगळा आणि नसताना लावणारा वेगळा. मला त्याला शिव्या द्यायच्यात की नाही, तेवढं तरी कळू दे."

अनुवादकाची एक रीत असते. अडलेल्या जागांना आकडे घालून त्यांची यादी करायची आणि लेखकाला पाठवायची. लेखक आकड्यांपुढे उत्तरं लिहून पाठवतो. टीपाबाईंच्या यादीत त्या कथेबद्दल तेवीस शंका होत्या. ताईंचा प्रश्न सतराव्या आकड्यावर गेला.

उत्तरं आठवड्याने आली. एरवी लेखक एकेका ओळीत वाटेला लावतात. या मुलीने भरभरून लिहिलं होतं. दोघींचा पत्रव्यवहार वर्षभर चालला होता; तिची आई लहानपणीच गेली होती आणि टीपाबाईंना ती पत्रात ताई म्हणायची, थोरली बहीण. सतराव्या आकड्यापुढे तिने लिहिलं होतं:

"हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही. गावातल्या लोकांना वाटतं की कुलूप मालकाच्या दुसऱ्याच कोणा माणसाने लावलं. तो चौकीदार माझे बाबा. त्या दिवशी सकाळीच पाळी संपवून घरी गेलो होतो असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मी सतरा वर्षांची होते. मी विचारलं तेव्हा ते रडले आणि म्हणाले, कुलूप मीच लावलं, पण आत कोणी आहे हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं झाली. ते अजून त्याच गल्लीत राहतात, मेलेल्या बायकांच्या घरांच्या मधोमध. कथा मी त्यांच्यासाठी लिहिली, पण ती त्यांना वाचून दाखवायची हिंमत झाली नाही."

टीपाबाईंनी हे ताईंना वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, "बिचारा." आणि टीपाबाईंनी दुसऱ्या दिवशी पान एकशे बाराच्या तळाशी टीप लिहिली: "कथेतला चौकीदार म्हणजे लेखिकेचे वडील. कुलूप त्यांनीच लावले. मात्र आत बायका आहेत हे त्यांना माहीत नव्हते."

हे वाचून कोणालाही वाटेल की बाईंना अक्कल नव्हती का. अक्कल होती, हवी त्याहून जास्त होती. पण यादीला आलेलं उत्तर पुस्तकात जायचं, हे त्यांच्या हाताला पडलेलं वळण होतं. शिवाय मनात कुठेतरी त्यांना वाटलं की आपण त्या म्हाताऱ्याची बाजू मांडतो आहोत. निर्दोष माणूस आहे, मग चार लोकांना कळलं तर बिघडलं कुठे? प्रकाशकाने एकदा विचारलंही. "मावशी, हे छापायचं ना नक्की? घरातली गोष्ट दिसतेय."

"तिनेच सांगितलंय," टीपाबाई म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

पुस्तक छापून झालं. एका सोमवारी सकाळी लेखिकेचं पत्र संगणकावर आलं. आनंदाचं पत्र होतं. प्रकाशकांचा निरोप मिळाला, दोन प्रती निघाल्या आहेत. मी भाड्याच्या खोल्या बदलत असते, म्हणून पत्ता बाबांचा दिला. बाबांना अजून सांगितलं नाही, त्यांना परस्पर मिळू दे, मुलीचं नाव परक्या लिपीत छापलेलं बघून चकित होतील. आणि अगदी शेवटी, बसमध्ये बसल्या बसल्या सुचल्यासारखी, एक ओळ: "बाबांबद्दल मी जे सांगितलं ते आपल्या दोघींतच आहे ना?"

टीपाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या. टेबलावर नवी प्रत होती. पान एकशे बारा उघडलं. टीप जागच्या जागी होती, सुबक, एकही चूक नसलेली.

त्यांनी ताईंना शेजारणीच्या स्वाधीन केलं आणि प्रकाशकाचं कार्यालय गाठलं. तीन जिने चढून दम लागला, तरी उभ्या उभ्याच बोलल्या.

"ते पार्सल थांबव."

"कुठलं?"

"तिचं. दोन प्रतींचं. आत्ता."

प्रकाशकाने सगळं ऐकून घेतलं. तो भला माणूस होता. मी विचारलं होतं तुम्हाला, असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याने कुरियरला फोन लावला. पार्सल शुक्रवारीच देशाबाहेर गेलं होतं. परत मागवायचा अर्ज करता येईल, उत्तराला दोन दिवस लागतील. गोदामातल्या प्रती त्याने तेवढ्यात अडवून ठेवल्या, ते पान काढून नवं चिकटवायचं ठरवलं, कामाला दोन माणसंही लावली. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा मात्र चोख केला.

"तिला कळवा मावशी," तो म्हणाला. "लगेच कळवा. पार्सल पोचायच्या आत ती घरी जाऊन उचलेल तरी."

"कळवते," टीपाबाई म्हणाल्या.

आणि इथे त्यांचं खरं चुकलं. टीप छापली ती चूक सवयीची होती, तिला क्षमा असेल. पुढच्या दीड दिवसाला नाही.

त्या घरी आल्या आणि पत्र लिहायला बसल्या. पहिल्या खर्ड्यात सगळी हकीकत होती, पण ती कोरडी वाटली. दुसऱ्यात आधी माफी मागितली, तर ती रडकी वाटली. तिसऱ्यात त्यांनी तुर्कीतला एक मऊ शब्द शोधण्यात तास घालवला. मनातून त्या वाट बघत होत्या. कुरियरवाले पार्सल अडवतील, मग मुलीला सांगावंच लागणार नाही, नवं पान चिकटवलेली प्रत जाईल आणि तिची थोरली बहीण थोरली बहीणच राहील. पाच शब्दांचं काम होतं: छापलंय, घरी जा, पार्सल उचल. हे कोणाच्याही मोडक्या तुर्कीत सांगता आलं असतं. टीपाबाईंचं तुर्की उत्तम होतं, म्हणून त्यांना दीड दिवस लागला. मंगळवारी दुपारी पत्र गेलं. चौथा खर्डा होता तो.

उत्तर आलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. कुरियरचं मात्र आलं: पार्सल मंगळवारी सकाळी पोचवलं, घेणाऱ्याची सही आहे. टीपाबाईंनी ती सही पडद्यावर मोठी करून पाहिली. कमी शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर कोरून काढलेली सही होती.

"तिचं पत्र नाही का गं आलं?" ताई रोज विचारत.

"कामात असेल."

"पुस्तक मिळालं का तिला?"

"मिळालं असेल."

ताईंना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगणार काय? त्या खुर्चीतून उठून कुठे जाऊ शकत नव्हत्या. उरलेलं आयुष्य तिथेच बसून हेच कांडत राहिल्या असत्या. डॉक्टरांनीही बजावलं होतं, पुढचा झटका झेपणार नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी, ताईंच्या वाचनाची वेळ होत आलेली असताना, पत्र आलं. लांब होतं. टीपाबाईंनी ते आधी एकट्याने, मनात वाचलं.

मंगळवारी सकाळी बाबांना पार्सल मिळालं. मुलीचं नाव त्यांना ओळखता येईना, पण मागच्या बाजूला तिचा फोटो होता. ते पुस्तक घेऊन खाली औषधाच्या दुकानात गेले. दुकान चालवणारी बाई त्यांच्या ओळखीची, रोजच्या गोळ्या तिच्याकडूनच घेतात. माझ्या मुलीने काय लिहिलंय बघ, म्हणाले. फोन पानावर धरला की हल्ली कुठलीही भाषा आपल्या भाषेत दिसते. ती बाई फोन धरून वाचत गेली आणि बाबा गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. दुकानात आणखी दोघी होत्या, त्याही थांबल्या. त्या बाईची थोरली बहीण त्या अकरा जणींतली होती. कथा कशाबद्दल आहे हे तिच्या लवकरच लक्षात आलं, पण ती थांबली नाही, वाचत राहिली. कुलपाचं वाक्य वाचलं आणि मग पानाच्या खालची बारीक अक्षरं वाचली.

"हे सगळं तिने मला स्वतः सांगितलं," लेखिकेने लिहिलं होतं. "टीप वाचून तिने फोन खाली ठेवला आणि बाबांना म्हणाली, म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं. ती त्यांना वाट करून देत होती, ताई. त्यांनी फक्त मान हलवायची होती. तुमची टीप तेच सांगत होती, मी अठरा वर्षं तेच मानत होते. बाबा म्हणाले, माहीत होतं. दाराशी त्यांच्या चपला होत्या. अकरा जोड. मी मोजले होते."

टीपाबाईंनी ही ओळ दोनदा वाचली. कळली नव्हती म्हणून नाही.

 त्या बाईने दुकान बंद केलं. बाबा वर गेले. दुसऱ्या दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते बाहेर पडले आणि एकेका घराचं दार वाजवू लागले. दार उघडलं की एवढंच म्हणायचे: कुलूप मी लावलं, मला माहीत होतं. पाच दारं झाली. कोणी दार लोटून घेतलं, एक म्हातारी खालीच बसली. सहावं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथे आगीत गेलेल्या एका मुलीचा भाऊ राहतो. त्याने बाबांना ढकललं. मारायचं म्हणून नाही, समोरून बाजूला करायचं म्हणून, असं तो सांगतो, आणि मला ते खरं वाटतं. मागे जिना होता. बाबा दोन दिवस दवाखान्यात होते, शुद्धीवर आले नाहीत. तो भाऊ शाळेत माझ्या वर्गात होता. आता तो कोठडीत आहे. त्याला दोन लहान मुली आहेत.

"तुमचं पत्र मला मंगळवारी दुपारी मिळालं. तोवर दुकान बंद झालं होतं. सोमवारी मी रिकामी होते. अडीच तासांचा प्रवास आहे.

"तुमच्यावर चिडावं की नाही, मला ठरवता येत नाही. खोटं तुम्ही लिहिलं नव्हतं, खोटं माझं होतं. पण मी ते तुम्हाला सांगितलं होतं, पुस्तकाला नाही. बाबांना मी एकदाच विचारलं आणि मिळालेल्या उत्तरावर सगळी कथा उभी केली. खरं माहीत असतं तर मी एक ओळ लिहू शकले नसते. पुढच्या आवृत्तीत टीप दुरुस्त करू नका. कथाच काढून टाका. आणि मला लिहू नका."

चार वाजले. टीपाबाई तशाच बसून होत्या.  सोमवार, सोमवार, एवढंच डोक्यात फिरत होतं. सोमवारी सकाळी पत्र आलं तेव्हा त्या याच खुर्चीत होत्या. एका जिवंत माणसाला त्यांनी एका मऊ शब्दासाठी ताटकळत ठेवलं होतं. त्यांना रडू आलं नाही. आपल्याला रडण्याचा अधिकार नाही असं त्यांना वाटलं, आणि ते बरोबर होतं.

"आलं का पत्र?" खिडकीजवळून ताईंनी विचारलं. त्यांनी पडद्याचा उजेड बहिणीच्या तोंडावर पाहिला होता. "आलंय, बघ. वाच की. एवढं काय एकटीनेच वाचतेस?"

टीपाबाईंनी खुर्ची ओढून ताईंच्या जवळ नेली आणि संगणक मांडीवर घेतला. बावीस वर्षं त्या असंच काम करत आल्या होत्या: डोळे तुर्कीवर, तोंडात आपली भाषा, मधे काही सांडायचं नाही.

"प्रिय ताई," त्यांनी वाचलं. "बाबांना पुस्तक मिळालं."

"अरे वा."

"ते घेऊन ते खालच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईने त्यांना वाचून दाखवलं."

"टीपसुद्धा?"

"टीपसुद्धा."

"मग?" ताई पुढे झुकल्या. "काय म्हणाला म्हातारा?"

ओळ समोर होती. टीपाबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं.

"म्हणाले, बरं झालं लिहिलंस. मला माहीत नव्हतं, हे लोकांना एकदा कळायलाच हवं होतं."

ताईंनी सुस्कारा सोडला आणि पाठ टेकली. चेहऱ्याची चांगली बाजू हसली.

"बघ. मी विचारलं नसतं तर राहूनच गेलं असतं," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं छातीवर धोंडा घेऊन बसला होता बिचारा. तुझ्या त्या टीपेने उतरवला की नाही?"

"हो."

"आता तिला लिही, वडिलांना म्हणावं आमचा नमस्कार. त्या यादीत माझा आकडा कितवा होता गं?"

"सतरावा."

"तेही लिही. म्हणावं, सतरावा प्रश्न माझ्या ताईचा होता." ताई मोठ्या समाधानात होत्या, तीन वर्षांत त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या. "आणि पुढे काय लिहिलंय?"

पुढे जिना होता, आणि दफनाची वेळ होती.

"तुझी चौकशी केलीय," टीपाबाई म्हणाल्या.